तीन बेस घरात आहेत, चौथा घेऊ का?

पत्र

मी मुलुंडला राहतो. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी एका ऑर्केस्ट्रात आणि अधूनमधून मित्रांच्या जॅझ-फंक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. माझ्याकडे फेंडरच्या प्रिसिजन धाटणीचा, कारखान्यात बनलेला एक चार-तारी बेस आहे. गेल्या काही वर्षांत हाताने घडवलेले दोन पाच-तारी बेस घेतले. दोन्ही ३४ इंची (मोकळ्या तारेची लांबी, म्हणजे स्केल), दोन्ही अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प). आता परदेशातल्या एका कारागिराने केलेला, वर अक्रोडाच्या गाठीचा टॉप लावलेला आणखी एक पाच-तारी मनात भरला आहे. सगळं धरून तीन लाखांपर्यंत जाऊ शकतो. बायको म्हणते, "तीन पडून आहेत, चौथ्यातून वेगळं काय वाजणार?" मला उत्तर देता आलं नाही. हातघडणीचे इतके बेस बाळगण्यात काही अर्थ आहे, की नुसती हौस? घेतलाच तर काय बघून घेऊ? पावसाळ्यात सगळे सांभाळायचे कसे? आणि भिंतीवर टांगले तर चालतील का?

— एक वाचक, मुलुंड

उत्तर

नमस्कार.

वहिनींचा प्रश्न नेमका आहे आणि त्या अक्रोडाच्या बेसपुरतं त्याचं उत्तर 'काही नाही' असंच आहे. असा टॉप म्हणजे सहसा काही मिलिमीटर जाडीची फळी. ती दिसते अप्रतिम. पण खाली तेच ३४ इंची स्केल, त्याच जाडीच्या तारा, तसाच प्रीअ‍ॅम्प आणि जवळपास त्याच जागी बसवलेले पिकअप (तारांची थरथर पकडणारे चुंबक) असतील, तर श्रोत्यांचं सोडा, साउंडवाल्यालाही बेस बदलल्याचं कळणार नाही. हौसेला मोल नसतं, तेव्हा केवळ हौस म्हणून घेतलात तरी आमची ना नाही. फक्त घरी 'कार्यक्रमासाठी लागतो' असं सांगू नका.

त्यातून तुमच्याकडे खालचा 'बी' (पाचवी, सगळ्यात जाड तार) आधीच दोनदा आहे. त्या तारेचा मूळ स्वर ३०.८७ हर्ट्झ, आणि चार-तारी बेसचा 'ई' ४१.२ हर्ट्झ. हॉलमधल्या किंवा मंडपातल्या बहुतेक स्पीकरमधून ३० हर्ट्झ नीट बाहेरच पडत नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याच्या वरचे, ६० आणि ९० हर्ट्झच्या आसपासचे अंश. तिसरा पाच-तारी घेऊन ही अडचण सुटत नाही. 'बी' ढिला, लोळणारा वाटत असेल तर ३५ इंची स्केल हा उपाय आहे. त्याच जाडीची तार त्याच स्वराला ३४ऐवजी ३५ इंचांवर लावली की ताण सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो.

आता मूळ प्रश्न. एकाहून जास्त बेस बाळगण्यात अर्थ जरूर आहे, पण प्रत्येकाचं काम वेगळं हवं आणि ते काम दोन गाण्यांच्या मधे दुसऱ्या बेसवर उरकता येणारं नसावं. टोनची नॉब फिरवून जे मिळतं त्यासाठी वेगळा बेस लागत नाही. तारांची जात, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असणं-नसणं, स्केलची लांबी आणि पिकअपची जागा या गोष्टी मात्र नॉबने बदलत नाहीत.

तारांचंच घ्या. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात बेसचा जो गोल, पटकन विरणारा ठोका हवा असतो तो फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांचा. तुमच्या फंक बँडला हवी असलेली खणखण राउंडवाउंडची (गोल तार गुंडाळलेल्या, खरबरीत तारांची). बऱ्याच फ्लॅटवाउंड संचांचा ताण राउंडवाउंडपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तारा बदलल्या की नेकचा बाक बदलतो, मग ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक सावरणारी सळई), मग सॅडलची (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याची) उंची, मग इंटोनेशन (दर फ्रेटवर सूर बरोबर लागणं). म्हणजे तासाभराचं काम. म्हणून फ्लॅटवाउंडचा बेस कायम फ्लॅटवाउंडचाच ठेवतात. तुमचा प्रिसिजन यासाठी उत्तम. १९५७पासून त्याचा पिकअप दोन तुकड्यांत विभागलेला आहे आणि ते दोन तुकडे एकमेकांची घरघर खोडून काढतात. दिवे, पंखे आणि साउंड एकाच जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात हे किती मोलाचं, ते फेंडरच्या दोन पिकअपवाल्या जॅझ बेसचा एकच पिकअप उघडा ठेवून पाहिलंत की कळेल. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप सारखेच उघडले तर घरघर जाते, एकटा उघडला की परत येते.

स्केलचा फरक हातालाच कळतो. ३० इंची बेसवर त्याच जाडीची तार त्याच स्वराला लावली तर ताण ३४ इंचीपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो. नाद जाडसर आणि मऊ येतो, फ्रेटमधलं अंतर कमी असल्याने डाव्या हातावर भार पडत नाही. १९५६चा होफनर ५००/१, तो व्हायोलिनच्या आकाराचा, याच मापाचा. तीन तासांच्या ऑर्केस्ट्रानंतर मनगट दुखत असेल तर अक्रोडाआधी याचा विचार करा.

पण तुमच्यासाठी चौथा बेस सुचवायचा तर आम्ही फ्रेटलेस सुचवू: चार-तारी, ३४ इंची, पॅसिव्ह. जॅझ तुम्ही वाजवता आणि मींड तुमच्या तिन्हींपैकी एकावरही नीट निघत नाही. शिवाय हातघडणीचे पैसे सगळ्यात जास्त वसूल होतात ते फ्रेटलेसमध्ये, कारण तिथे फिंगरबोर्ड, म्हणजे बोटांखालची फळी, हीच फ्रेट असते. तो लांबीभर एकसारखा नसेल तर लपवायला काहीच नाही. बोर्ड आबनूसचा घ्या. रोझवुडवर राउंडवाउंड तारा वर्षभरात चरे पाडतात. फ्रेटलेससाठी प्रसिद्ध अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या जॅझ बेसच्या फ्रेट काढून बोर्डवर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला होता, तो याच कारणासाठी. इपॉक्सी नको असेल तर फ्लॅटवाउंड किंवा हाफराउंड तारा लावा. बाजूच्या ठिपक्यांबाबत ऑर्डर देतानाच स्पष्ट बोला. फ्रेटलेसवर ठिपका फ्रेटच्या रेषेवर हवा, कारण बोट नेमकं तिथे पडतं. नेहमीच्या सवयीने कारागिराने तो दोन रेषांच्या मधे बसवला, तर तुम्ही जन्मभर अर्धा सूर शोधत राहाल.

जागा आणि पैसे दोन्ही मोकळे करायचे असतील तर दोन पाच-तारींपैकी एक विका. कुठला, ते हातच सांगेल: महिनाभर दोन्ही केसबाहेर ठेवा आणि कुठला कमी वेळा उचललात ते पाहा.

हातघडणीत नेमकं काय बघायचं

लोक आधी लाकडाचा रंग बघतात. आधी नेक बघा. बेसच्या चार तारांचा नेकवर एकूण ताण ८० किलोच्या आसपास असतो, पाच तारांचा ९५च्या घरात. हा भार नेकने वर्षानुवर्षं, मुंबईच्या हवेत पेलायचा आहे. त्यासाठी क्वार्टर-सॉन मेपल, म्हणजे आडव्या छेदात ज्याच्या रेषा फिंगरबोर्डला काटकोनात उभ्या दिसतात, किंवा तीन-पाच पट्ट्या जोडलेला नेक मागा. आत कार्बन फायबरच्या दोन दांड्या टाकायला सांगा. त्यांनी नेकची हालचाल पूर्ण थांबत नाही, पण बरीच आटोक्यात येते. ट्रस रॉडचा नट नेक न उघडता फिरवता यायला हवा. जुन्या धाटणीत तो बॉडीच्या आत दडलेला असतो आणि दर वेळी नेक सोडवावा लागतो. मुंबईत वर्षातून तीनदा हे करत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

प्रत्यक्ष हातात आल्यावर अ‍ॅम्प बंद ठेवून 'जी' तारेवर पहिल्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर त्याच जोराने वाजवा आणि किती वेळ टिकतो ते ऐका. पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा स्वर इतरांच्या निम्म्यात मरत असेल, तर तो 'डेड स्पॉट'. नेक स्वतःच त्या स्वराला थरथरतो आणि तारेची ऊर्जा गिळतो. थोडासा बहुतेक बेसमध्ये सापडतो, चांगल्या-चांगल्यांमध्येसुद्धा. पण लाखांच्या वर मोजताना ठळक डेड स्पॉट स्वीकारू नका. सेटअपने तो जात नाही.

नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) तपासायला प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. केसाएवढी हवी. जास्त असेल तर खालचे स्वर चढे लागतील, अजिबात नसेल तर मोकळी तार खरखरेल. नेक आणि बॉडीच्या सांध्यात व्हिजिटिंग कार्डचं टोक जाता कामा नये. फ्रेटच्या कडांवरून तळहात सरकवा, कुठे टोचता कामा नये.

मग पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक (नेकचं ट्यूनर असलेलं टोक) जमिनीकडे गेला तर कार्यक्रमभर डावा हात नेक उचलण्यातच जाईल. वरच्या शिंगावरचं पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचत असेल तर हा त्रास सहसा होत नाही. हलक्या बॉडीला जड ट्यूनर हे याचं नेहमीचं कारण. हलके ट्यूनर नेहमीच्यांच्या निम्म्या वजनाला मिळतात आणि त्यांनी बराच फरक पडतो. एकूण वजन साडेचार किलोच्या वर गेलं तर आम्ही दोनदा विचार करू. मुलुंडहून दादरला लोकलने जाणाऱ्याने तर तीनदा. आणि हेडस्टॉक मागे कललेला असेल तर गिग बॅगेत मानेखाली स्पंज घाला. गर्दीत बॅग उताणी पडली की पहिला दणका तिथेच बसतो आणि तडा नटच्या मागेच जातो.

कारागिराकडून एक गोष्ट आवर्जून लेखी घ्या: सर्किटची आकृती. पॉट (नॉबखालचे पोटेन्शिओमीटर) किती किलोओहमचे, प्रीअ‍ॅम्प ९ व्होल्टचा की १८चा, कुठली वायर कुठे जाते. आकृती हातात असली तर लॅमिंग्टन रोडवर पॉट आणि जॅक घेऊन इलेक्ट्रॉनिक्स येणारा कुणीही तो दुरुस्त करेल. नसली तर इपॉक्सीत बुडवलेल्या डब्याकडे सगळे बघत बसतील. पिकअप आणि ब्रिजही प्रचलित मापाचे मागा. एकट्या कारागिराचं दुकान कधीही बंद होऊ शकतं, आणि स्वतःच्या खास मापाच्या पिकअपला नंतर जोड सापडत नाही.

परदेशातून मागवताना

तीन लाखांचा हिशेब कारागिराच्या किमतीवर करू नका. कस्टम ड्युटी ही वाद्य, वाहतूक आणि विमा यांच्या एकत्रित किमतीवर लागते आणि त्या बेरजेवर पुन्हा आयजीएसटी. दर कुरिअर कंपनीकडून आधी लेखी घ्या, मगच आगाऊ रक्कम भरा. वापरलेला बेस स्वस्तात दिसला तरी कुरिअरने मागवू नका. भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला परवाना लागतो, आणि तो नसला की माल कस्टममध्ये अडकतो.

लाकडाची नावं बिलावर शास्त्रीय नावासकट लिहून घ्या. जानेवारी २०१७पासून रोझवुडचं सगळं कुळ 'साइट्स' या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. नोव्हेंबर २०१९पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुड मात्र १९९२पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याला ही सूट नाही. नुसतं 'रोझवुड' लिहिलेलं बिल म्हणजे अधिकाऱ्याला प्रश्न विचारायचं आमंत्रण.

पावसाळा

कितवा बेस परवडतो, हे खरं तर इथे ठरतं. हवेत ५० टक्के आर्द्रता असली की लाकडात साधारण ९ टक्के पाणी राहतं, ८० टक्के झाली की १६च्या आसपास. कोरड्या देशात घडलेला बेस जुलैत मुलुंडला उतरला की पुढचे काही आठवडे पाणी पीत राहतो. फिंगरबोर्ड उघडा आणि नेकची मागची बाजू लॅकरखाली असेल तर दोन्ही सारख्या फुगत नाहीत आणि नेक वळतो. पुढे वळेल की मागे, हे प्रत्येक बेसचं वेगळं असतं, म्हणून अंदाजाने ट्रस रॉडला हात लावू नका, मोजा.

मोजायला फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) लागतो. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या कुठल्याही दुकानात मिळेल. बेस वाजवतो त्याच सुरात लावून ठेवा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, 'ई' तार नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबा, आणि आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांच्यातली फट मोजा. ०.३० ते ०.३५ मिलिमीटर असेल तर छान. ०.५०च्या वर गेली तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने अष्टमांश फेरा फिरवा, परत सुरात लावा, रात्रभर थांबा आणि पुन्हा मोजा. फट उरलीच नसेल आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर असेल तर तेवढंच उलट. फ्रेटलेसला ०.१५च्या आसपास पुरते. चावी जोर मागायला लागली तर तिथेच थांबून कारागिराला दाखवा. इंची नटात मिलिमीटरची 'जवळपास बसणारी' चावी घालून नट गोल झाल्याची उदाहरणं मुंबईत भरपूर आहेत. म्हणून प्रत्येक बेसची चावी त्याच्याच केसमध्ये चिकटवून ठेवा. हे मोजमाप जूनच्या सुरुवातीला, ऑक्टोबरच्या उन्हात आणि डिसेंबर-जानेवारीत करा, आकडे प्रत्येक बेसच्या नावे वहीत लिहा. दोन वर्षांत कुठला बेस किती हलतो ते पाठ होईल.

आर्द्रता मोजायला छोटा डिजिटल हायग्रोमीटर पुरतो, पण आधी तो खरं बोलतो का ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवे. ७० दिसले तर नेहमी पाच मिळवून वाचा.

केसमध्ये ४५ ते ६० टक्के राहिली तर मुंबईच्या मानाने उत्तम. प्रत्येक हार्ड केसमध्ये दीडशे-दोनशे ग्रॅम केशरी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत ठेवा. हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवा, पुन्हा केशरी होतं. जुलै-ऑगस्टमध्ये केसच्या मखमलीला बुरशी धरते, तेव्हा आठवड्यातून एकदा केस पंख्याखाली उघडी टाका. चार बेस असतील तर पुरचुंड्यांपेक्षा एका बंद खोलीत डीह्युमिडिफायर सोयीचा पडतो. एसी हा पर्याय नव्हे. रात्री कोरडं, दिवसा दमट, हा रोजचा हिसका सलग दमटपणापेक्षा वाईट.

धातूकडे कुणी बघत नाही. समुद्राची हवा आणि बोटांचा घाम यांनी ब्रिजच्या सॅडलचे बारीक स्क्रू गंजून जाम होतात आणि एके दिवशी अ‍ॅलन कीने त्यांची तोंडंच गोल होतात. वर्षातून एकदा ते पूर्ण काढा, ब्रशने साफ करा, मशीन ऑइलचा थेंब लावून परत बसवा. नवीन बेसला स्टेनलेस स्टीलच्या फ्रेट मागता आल्या तर मागा. अ‍ॅक्टिव्ह बेसची केबल वाजवून झाल्यावर काढा, कारण केबल आत असेपर्यंत बॅटरी जळत राहते. महिनाभर हात लागणार नसेल तर बॅटरीही काढा. फुटलेली बॅटरी प्रीअ‍ॅम्प खाते. अशा पडून राहणाऱ्या बेसच्या तारा मात्र सैल सोडू नका, फार तर एक स्वर उतरवा. तारांचा ताण गेला की ट्रस रॉड एकटाच नेकला मागे ओढत बसतो.

राहिली भिंत. टांगायला हरकत नाही, पण ती भिंत घराच्या आतली हवी. पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत ऑगस्टमध्ये आतून ओलीच असते. खिडकीचं ऊन आणि एसीचा झोत टाळा. हूक प्लायवूडच्या पट्टीवर बसवा आणि ती पट्टी चार अँकरने भिंतीला लावा. पाच किलोच्या बेसला प्लास्टरमधला एक खिळा पुरत नाही. आणि बेसला नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर हुकाचं रबर त्याला लागू देऊ नका. रबरातल्या रसायनाने लॅकर मऊ पडतं, चिकटतं आणि कायमचा डाग राहतो. हुकाच्या दोन्ही टोकांना धुतलेल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला.